चौथं माणूस

मथुरेच्या हातची फणसपोळी ज्याने खाल्ली नाही त्याने कोकणात येऊन काय केलं, असं बाजारातल्या एका दुकानदाराने एकदा गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. मथुरेने ते दारातून ऐकलं, आणि तेव्हापासून त्या दुकानदाराला ती दर वेळी एक पोळी वरती देत आली. स्तुती कुणाला आवडत नाही? मथुरेला तर जरा जास्तच आवडायची, कारण घरात ती फारशी मिळत नसे. नवरा लवू मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. दिवसभर त्या घरघराटात राहून त्याची बोलायची सवयच गेली होती. पुढ्यात आलेलं मुकाट्याने खायचं आणि ताट उचलून न्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. चांगलं झालंय की नाही, हे मथुरेनेच त्याच्या ताटाकडे बघून ओळखायचं.

फणसपोळी, आंब्याची साठं आणि आमसुलं, हा मथुरेचा धंदा. त्याला लागतं काय, तर दोन मोठी पातेली, एक चाळण, दहाबारा थाळे, जुन्या साड्या आणि ऊन. बाकी सगळं विकत मिळतं, ऊन मिळत नाही. ते मथुरेला मिळत होतं भाड्याच्या घरापुढच्या खळ्यात. खळं म्हणजे अंगणच, पण अंगण म्हटलं की डोळ्यांपुढे रांगोळी येते आणि संध्याकाळच्या गप्पा येतात. मथुरेचं खळं हा कारखाना होता. पाऊस सरला की ती आणि लवू मिळून ते खणायची, दगड वेचायची, पाणी मारून चोपण्याने चोपून चोपून सपाट करायची आणि वर शेणाचा हात फिरवायची. मग होळीनंतर ते पहिला पाऊस पडेपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसायची. एका बाजूला आमसुलं, एका बाजूला पोळ्यांचे थाळे, मध्ये चिंचोळी वाट. चैत्र आणि वैशाख हे दोन महिने मथुरा त्या वाटेवरून धावायची आणि उरलेलं वर्ष घर त्याच्यावर चालायचं. मुलगी वेदिका दापोलीला शेतीचं शिकत होती, तीही याच खळ्याच्या जोरावर.

घर हरिहरकाकांचं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी मागच्या तीन खोल्या आणि हे खळं या दोघांना दिलं, ते शब्दावर. "नीट राहा आणि खळं सारवलेलं ठेवा," एवढाच करार. काका गेले, कुसुमकाकू मुलाकडे पुण्याला गेल्या, तरी भाडं नेमाने जात होतं आणि खळं नेमाने सारवलं जात होतं. माणसाला वाटतं, हे असंच चालायचं.

दिवाळीनंतर काकांचा मुलगा शौनक आला. कॉलेजात असताना सुटीत आला की हाच पोरगा थाळ्यांतल्या ओल्या पोळ्या बोटाने चाटायचा. आता चाळिशीला आला होता, केस विरळ झाले होते. ओट्यावर बसला, चहा घेतला, पोटातलं बोलायला बराच वेळ लावला आणि मग एका दमात म्हणाला, "मथुरावहिनी, घर देऊन टाकतोय. बिल्डिंग होईल इथे. मार्चअखेरपर्यंत तुम्ही बघाल का दुसरीकडे?"

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. मथुरा "बरं" म्हणाली आणि आत जाऊन उगाच भांडी घासत बसली. मार्चअखेर! म्हणजे झाडावरचा पहिला फणस तयार होईल तेव्हा ती रस्त्यावर. आंब्याचं असं असतं, फणसाचं असं असतं, त्याला पुढची तारीख देता येत नाही.

आता धाकूबद्दल सांगायला हवं. धाकू हा लवूचा धाकटा भाऊ. तरुणपणी बोटीवर गेला होता, स्वयंपाकघरात हाताखाली काम करायचा. मग एक दिवस पेटी घेऊन आला आणि म्हणाला, "चार दिवस राहतो." त्याला आता आठ वर्षं झाली. लग्न नाही, काम नाही, काळजी नाही. काम ना धंदा, हरी गोविंदा. सकाळी ओट्यावरच्या खुर्चीत बसून पेपर, मग मांडवीच्या जेटीवर फेरी, मग मासळीबाजारात जाऊन सगळ्या पाट्यांवरच्या मासळीला नावं ठेवणं, काही न घेता परत येणं आणि घरी जे काही शिजलं असेल त्यालाही नावं ठेवणं. बोटीवरची थोडी शिल्लक त्याची पोस्टात होती. त्याच्या व्याजावर तंबाखू आणि दर शिमग्याला एक नवा सदरा. एकदा लवूने धीर करून विचारलं, "धाकू, घरात काय तरी देशील?" तर म्हणतो कसा, "ता म्हातारपणासाठी ठेवलाय रे." तेव्हा धाकू चौपन्नाचा होता. लवूने पुन्हा विचारलं नाही.

मथुरेचा मात्र जळफळाट व्हायचा. खायला काळ आणि भुईला भार, असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची. तो हसायचा. त्यातली खरी गोम अशी, की सगळ्या घरात पोळी नीट चाखून बघणारा तोच एक होता. "वैनी, आज साखर कमी. वैनी, हा फणस रसाळ नव्हता." आणि बरोबर असायचं. मथुरा चिडायची, पण साखर वाढवायची.

आणखी एक गोष्ट धाकूकडे होती. गळा. त्यांचा बाप गावचा मानकरी, शिमग्यात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. गाव सुटलं तसा मानही सुटला, पण बापाचा आवाज धाकूत उतरला होता. त्यामुळे इथल्या वाडीत पालखी फिरायला लागली आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या गावकरांचा घसा बसला की ते धाकूला पुढे करायचे. घरात पैचा उपयोग नाही, आणि शिमग्यात ह्याला घरोघर नारळ! मथुरेने कपाळावर हात मारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

घरं बघायला सुरुवात झाली तसा धाकूचा प्रश्न खरा उभा राहिला. खळ्यासकट घर शहरात मिळणं आधीच कठीण. जिथे अंगण होतं तिथे मोटार उभी होती. आणि जिथे गोष्ट जमत यायची तिथे मालक हमखास विचारायचा, "माणसं किती?" चार म्हटलं की पुढचा प्रश्न, चौथा कोण? दीर म्हटलं की, काय करतो? इथे गाडी अडायची. बिनलग्नाचा, बिनकामाचा पुरुष दिवसभर ओट्यावर बसणार, हे कुणाला हवं असतं? दोन घरं अशीच गेली. 

तिसऱ्या घराला ती शहाणी झाली. थिबा पॅलेसच्या अंगाला एक निवृत्त कारकून राहायचे, त्यांच्या मागच्या खोल्या. लवूच्या आग्रहाने धाकूही बरोबर आला होता आणि फाटकापाशी उभा राहून आंब्याचा मोहोर बघत होता.

"माणसं किती?" कारकूनसाहेबांनी विचारलं.

"तीन," मथुरा म्हणाली. "आमी दोघं, आणि मुलगी. ती दापोलीला असते, सुटीत येते."

बोलून झालं आणि तिने मागे बघितलं. फाटकापाशी धाकू त्यांच्याकडे पाठ करून उभा होता, पण ती पाठ ऐकत होती. तो वळला नाही. चपला घासत हळूच रस्त्यापर्यंत गेला आणि तिथे वाट बघत उभा राहिला. पुढे ते घरही जमलं नाहीच. अंगणाला नुकत्याच फरश्या घातल्या होत्या आणि कारकुनांच्या बायकोला त्यावर फणसाचे डाग नको होते. खोटं बोलली ती फुकटच. येताना धाकू दहा पावलं पुढे चालत होता आणि घरी पोचल्यावर, आठ वर्षांत पहिल्यांदा, रात्री जेवायला काय आहे हे त्याने विचारलं नाही.

फोनवर वेदिका म्हणाली, "आई, काकांना स्पष्ट सांग ना. त्यांच्यापायी तुम्ही किती दिवस फिरणार?"

पोर बरोबर बोलत होती. मथुरेने मनाशी ठरवलं. लवूला सांगितलं, "शिमगा होऊ दे. पालखी आपल्या खळ्यातून उठली की मी भावजींना सांगणार, तुमची सोय तुमी बघा. पोस्टात पैसे हायत, खोली मिळेल एकट्याला कुठं तरी. सणाच्या आधी बोलून मी कुणाचं तोंड कडू करायची नाय."

लवूने मान खाली घातली. म्हणाला, "तूच सांग गो. मला नाय जमायचं." आणि भावाचा नवा सदरा इस्त्री करून आणायला गेला.

मार्चच्या मध्याला होळी लागली. दुसऱ्या दिवसापासून पालखी वाडीत घरोघर फिरत होती आणि पाचव्या दिवशी या घराची पाळी होती. हरिहरकाकांच्या घरी ती दरवर्षी यायची. या घरातली शेवटची पालखी म्हणून शौनक बायकोला, सावनीला, घेऊन पुण्याहून मुद्दाम आला होता. सोवळं नेसला होता, पण ते त्याला झेपत नव्हतं, सारखं निरीला हात जात होता. मथुरेने खळं असं सारवलं होतं की पाय ठेवायचा जीव होऊ नये. शेवटचंच, मग हात आखडता कशाला घ्यायचा, असं म्हणत तिने सकाळीच दोनदा हात फिरवला होता. मग कुणाला न दिसेल असं तिथे उकिडवं बसून थोडं रडूनही घेतलं होतं.

ढोल वाजवत पालखी आली. भोयांनी खांद्यावर नाचवली, खळ्यात गुलाल उडाला, मग पाटावर पालखी बसली. मथुरा ओटीचं ताट घेऊन बायकांत उभी राहिली. गावकर पुढे आले, नारळ घेतला, तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. पाच दिवस घरोघर ओरडून म्हाताऱ्याचा घसा पार बसला होता. त्यांनी हाताने धाकूला खूण केली. धाकू नव्या सदऱ्यात पुढे आला, नारळ हातात घेतला आणि डोळे मिटले. तंबाखू खाऊन खुर्चीत पेंगणारा धाकू हाच का, असं वाटावं असा आवाज निघाला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं खळं एका सुरात म्हणालं.

"सालाबादप्रमाणं हरिहरकाकांच्या खळ्यात येऊन बसलायस. तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत. काय चुकलं असंल, काय माकलं असंल, ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"या घराचा लेक पुण्याला कमावतो हाय. त्याच्या कामाला यश दे. कुसुमकाकूच्या गुडघ्याला आराम दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे शौनकचा आवाज सगळ्यांत वर गेला. लहानपणापासून त्याला हे फार आवडायचं. पुण्यात कुठे एवढ्या मोठ्याने ओरडायला मिळतं?

धाकूने श्वास घेतला. "आणि म्हाराजा, ह्या खळ्यात बावीस वर्सं एका माऊलीनं ऊन येचून संसार केलान. ती, तिचा घोव नि तिची लेक. ह्या तीन माणसांना दुसरं छप्पर नि दुसरं खळं मिळंस्तवर ह्या खळ्यावर कुणाची कुदळ पडू देऊ नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि त्यातही शौनकचाच आवाज वर होता. तोंडाला लागलेली सवय ती. म्हणून झालं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर, आपण नेमकं कशाला व्हय म्हटलं, ते हळूहळू उमटायला लागलं. सावनीने मोबाइल खाली केला. ती पहिल्यापासून सगळं चित्रित करत होती.

मथुरेनेही व्हय म्हटलं होतं. म्हणता म्हणता तिच्या कानात एक शब्द अडकला. तीन. ती, घोव आणि लेक, तीन माणसं. धाकूने गाऱ्हाण्यात स्वतःला धरलंच नव्हतं. विसरला नव्हता तो. थिबा पॅलेसच्या त्या फाटकात तिने जो आकडा सांगितला, तोच त्याने जसाच्या तसा देवाला सांगितला होता. तिने सांगायच्या आधीच तो मनाने घरातून निघून गेला होता आणि तरीही तिच्यासाठी देवापुढे उभा होता.

 गाऱ्हाण्यात बायका बोलत नाहीत. आजवर कधी कुणी बोललेली तिने बघितली नव्हती. धाकूने नारळ कपाळाला लावला, आता तो ठेवणार, एवढ्यात ओटीचं ताट सावरत ती ओरडली, "चार म्हाराजा!"

ढोलवाल्याचं टिपरू हातातच राहिलं. सगळ्या माना वळल्या.

"तीन नाय, चार!" आता तोंड उघडलंच होतं, मागे कसं घ्यायचं? "चौथा हा उभा हाय नारळ घेऊन. त्याच्या डोक्यावर पण आमच्याच संगती छप्पर दे. आणि त्याच्या हाताला काय तरी काम दे रे बाबा म्हाराजा!"

 मग म्हातारे गावकर, ज्यांचा घसा गेला होता तेच, फाटक्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि मग हसत हसत सगळं खळं ओरडलं, "व्हय म्हाराजा!" ढोल घुमला, पालखी उठली. धाकू मात्र नारळ हातात घेऊन तिथेच उभा राहिला. शेवटी भोयांपैकी ओमकार नावाच्या पोराने त्याच्या हातून तो सोडवून घेतला.

पालखी पुढच्या घरी गेली आणि मथुरेला आपण काय करून बसलो ते उमगलं. ज्या माणसाला आज संध्याकाळी दारातून काढायचं होतं, त्याला तिने वाडीच्या साक्षीने, देवापुढे, स्वतःच्या तोंडाने पदराला बांधून घेतलं होतं. दुसऱ्या कुणी असा धोंडा पायावर पाडून घेतला असता तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. लवू तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. डोक्यावर गुलाल, डोळे भरलेले.

"मग," तो म्हणाला, "सांगतेस ना धाकूला, सोय बघ म्हणून?"

"गप बसा," मथुरा म्हणाली आणि आत गेली. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून राग येत होता.

शौनक बराच वेळ ओट्याच्या पायरीवर बसून होता. शेवटी म्हणाला, "धाकूकाकांनी मला बरोबर पकडलं, वहिनी."

"त्यांनी काय पकडलं नाय. तुमी जोरात बोललात," मथुरा म्हणाली.

"मी सांगू का," सावनी म्हणाली, "आईंना हा व्हिडिओ मी आधीच पाठवलाय. त्यांचा फोन येऊन गेला. म्हणाल्या, तोंडाने व्हय म्हटलं ना त्याने? मग झालं तर."

शौनकने तिथूनच बिल्डरला फोन लावला. चाचरत, अडखळत सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं माणूस हसेल किंवा चिडेल. पण बिल्डर चिपळूणकडचा होता. तो म्हणाला, "देवाला व्हय म्हटलंत? अहो मग बोलायचंच नाही. मी तरी नारळ फोडल्याशिवाय कुठे कुदळ मारतो? पाऊस संपल्यावर बघू. तोवर त्यांना घर मिळेलच."

म्हणजे चैत्र-वैशाख वाचला. घर मिळायचं होतं, पण हंगाम हातचा गेला नाही. मथुरेने त्या दिवशी पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी केली आणि सगळ्यांत जास्त तूप कुणाच्या पोळीवर पडलं ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची करकरली. "वैनी, चाय?"

मथुरेने चहा आणून दिला आणि समोर उभी राहिली. "देवाला मी काम सांगितलंय तुमच्यासाठी. त्याचं काय?"

"देवाला सांगितलंस ना? मग देव बघंल," धाकू म्हणाला आणि पेपर उघडला. स्वभावाला औषध नाही, हेच खरं.

पण देवाने बघितलं. पंधरा दिवसांनी खळ्यात पहिले थाळे पडले, आणि कावळे आले. कावळ्यांचा उपद्रव काही नवा नव्हता. मथुरा दरवर्षी पातेल्यापाशी ढवळता ढवळता धावत यायची आणि तोवर एखादी पोळी नासलेली असायची. त्या दिवशी ती आतून धावली, तो ओट्यावरच्या खुर्चीतून आवाज आला, "हाऽऽड्!" गाऱ्हाण्याचाच आवाज तो. आपल्या खळ्यातले कावळे तर उडालेच, शेजारच्या दोन वाड्यांतल्या माडांवरचेही उडाले.

मथुरा थाळ्यांकडे बघत राहिली, मग धाकूकडे. तिने त्याच्यासकट खुर्ची उचलली असती, पण त्याला उठायला लावलं आणि खुर्ची नेऊन खळ्याच्या कडेला ठेवली. "बसा हितं."

"ऊन लागतंय."

"लागू दे."

तिसऱ्या दिवशी धाकू बाजारात गेला आणि भलीमोठी गवती टोपी घेऊन आला. स्वतःच्या पैशांनी. घरात कुणी काही बोललं नाही. बोललं आणि तो बिथरला तर? पुढचे दीड महिने तो सकाळपासून ऊन उतरेपर्यंत त्या टोपीखाली बसला. बसणं तेच, खुर्ची तीच, पेपरही तोच. फक्त मधून मधून "हाऽऽड्" आणि "वैनी, ही कडेची पोळी उलटायला झाली." कधी मनात आलं तर स्वतःच उलटायचा. त्या वर्षी कावळ्यांना उपास पडला आणि मथुरेची एकही पोळी फुकट गेली नाही. सुटीला आलेली वेदिका काकाला त्या अवतारात बघून पोट धरून हसली. मग तिनेच त्याच्यासाठी ताकाचा तांब्या नेऊन ठेवला.

घराचं मात्र अजून जमत नव्हतं. तरी मथुरेला आता तेवढी धास्ती वाटेना. कारण ते गाऱ्हाणं फक्त देवाने ऐकलं नव्हतं. व्हय म्हटलेली सगळी माणसं आपापल्या घरी गेली होती आणि तो होकार त्यांच्याही गळ्यात पडला होता. वाटेत कुणी भेटलं की म्हणायचं, "काकी, मिळालं काय घर?" आणि नाही म्हटलं की त्या माणसालाच ओशाळं वाटायचं. मेच्या मध्याला तो भोई, ओमकार, पोळ्या घ्यायच्या निमित्ताने आला. वायरमनचं काम करायचा, त्यामुळे चार घरं त्याच्या बघण्यात होती.

"काकी, मी पालखीला हात लावून व्हय म्हटलंय," तो म्हणाला. "तवापासून डोक्यातून जात नाय. माझी आत्या हाय, तुळसाआत्या. खेडशीच्या पलीकडं, सड्याच्या कडेला घर. एकटीच असते. अर्धं घर बंद हाय. जरा तिखट हाय म्हातारी, पण बघा येऊन."

रविवारी चौघंही गेली. कौलारू घर, पुढे छोटं खळं, आणि खळ्याच्या पलीकडे सडा, म्हणजे नुसता काळा कातळ. झाड नाही, सावली नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, काय ही भाजणारी जागा. मथुरेने चप्पल काढून कातळावर पाय ठेवला आणि चटका बसून लगेच उचलला. "चांगला तापतो," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते लवूने लग्नानंतर फार वेळा बघितलं नव्हतं. खळंच कशाला, इथे थाळे मांडायला सगळा सडा होता.

तुळसाआत्या ओट्यावर बसून सगळ्यांना न्याहाळत होती. भाडं सांगितलं, ते रास्त होतं. विहिरीचं पाणी एप्रिलपर्यंत पुरतं, पुढे आणावं लागतं, तेही सांगितलं. मग विचारलं, "माणसं किती?"

फाटकापाशी धाकू उभा होता. प्रश्न ऐकला मात्र, त्याने तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे चालायला लागला. चपला घासत, हळूच, त्या दिवशीसारखा.

"चार!" मथुरा एवढ्या मोठ्याने म्हणाली की तुळसाआत्या दचकली. धाकू जागच्या जागी थांबला.

"ऐकू येतंय गो मला," आत्या म्हणाली. "चौथा कोण?"

"हा काय, माझा दीर. धाकूभावजी."

"काय करतो?"

हाच तो प्रश्न. लवू जमिनीकडे बघायला लागला. बोटीवर होता म्हणता आलं असतं, पोस्टात शिल्लक आहे म्हणता आलं असतं. मथुरेने फाटकातल्या त्या गवती टोपीकडे बघितलं.

"कावळे हाकलतो," ती म्हणाली.

तुळसाआत्याने धाकूला टोपीपासून चपलांपर्यंत एकदा बघून घेतलं.  मग म्हणाली, "बरं हाय. हितं कावळे लय हायत." आणि उठता उठता म्हणाली, "वानर पण येतात."

धाकूचं तोंड असं काही उतरलं, की मथुरा ओट्याचा खांब धरून खो खो हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले. परत फिरताना धाकू तिच्या बरोबरीने चालत होता. कोपऱ्यावर आल्यावर घसा खाकरून म्हणाला, "सामानाचा टेम्पो मी सांगतो."

"सांगता म्हणजे पैसे पण देता?"

धाकूने टोपी काढली, पुन्हा घातली. "देतो," तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "वैनी, आज जेवायला काय हाय?"